पायलीकाकूची ज्वारी

पायलीकाकूच्या तेरवीला मी जेवलो नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं आणि पंगतीत वाढायला उभा राहिलो. खरं कारण आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरी बायकोलाही नाही. काकूशी मी खोटं बोललो होतो. तिच्या तोंडात गाठ वाढलेली असताना, तिच्याकडे बघून, अगदी सहज. ते कसं झालं हे सांगायचं तर आधी काकू कोण होती हे सांगायला हवं.

काकू दिसायच्या आधी ऐकू यायची. हातातल्या कड्यानं ती धान्य मापायच्या लोखंडी पायलीवर ठोके द्यायची आणि अंगणात उभी राहायची. ओसरीवर चढायची नाही, पाणी घ्यायची नाही. "ज्वारी आना," एवढंच. समुद्रपूर तालुक्यातलं आमचं गाव तेव्हा ज्वारीचं होतं. दिवाळीनंतर खळी उठली की काकू घरोघर फिरून दवाखान्याची ज्वारी गोळा करायची. ती ज्वारी बाजारात विकली जाई, पैसे एका मोठ्या दवाखान्यात जमा होत आणि त्या बदल्यात तिथल्या डॉक्टरीणबाई दर महिन्याला गावात येत. समाजमंदिरात बसत, येईल त्याला तपासत, औषध देत. पुढं कोणाला भरती व्हायची वेळ आली तर तिथं बिलातही सूट मिळे. अट एकच होती: गावातली बहुतेक घरं सामील झाली पाहिजेत. निम्म्यांनी दिली आणि निम्म्यांनी नाही, असं चालत नसे.

ज्याला वावर जास्त त्याच्या पायल्या जास्त. ज्याला वावरच नाही त्यानं एक द्यायची, पण द्यायचीच. एकदा आमच्या शेजारच्या विधवा बाईला कोणी म्हणालं की तू राहू दे, तुझी आम्ही भरू. काकू भडकली. "काऊन? तिले फुकट देता का औषध? मंग ते डॉक्टरीनबाईसमोर मान खाली घालून बसन. देऊ द्या तिले." पायली भरली की तळहातानं सपाट करायची आणि वरचा ढीग ज्याचा त्याच्या सुपात परत लोटायची. "हे तुह्या कोंबड्यायले टाक. आम्हाले उपकार नाई पाह्यजे."

गावात एक किराणा दुकानदार होते, त्यांना सगळे शेटच म्हणत. शेती नाही, त्यामुळे ते दरवर्षी काही ना काही सबब सांगत. एका साली म्हणाले, "काकू, आमच्या घरी कोणी बिमारच पडत नाही."

"मंग तं तुमची ज्वारी सगळ्यात कामाची, शेट," काकू म्हणाली. "बाकीच्यायची तं तेच खाऊन टाकते."

शेटनी दिली, पण किडकी दिली. काकूनं ती त्यांच्याच दुकानाच्या पायरीवर ओतली आणि शेजारी बसून तंबाखू मळत राहिली. गिऱ्हाईक येई, पायरीवरचे पोरकिडे बघे आणि शेटकडे बघे. दुपारपर्यंत चांगली ज्वारी आली. मी तेव्हा कॉलेजात जात होतो. ते बघून घरी येऊन हसलो होतो, एवढं आठवतं.

तंबाखू हा तिचा एकच शौक. कमरेला पिशवी, पिशवीत चुना. डॉक्टरीणबाई दर महिन्याला प्रत्येकाला तोंड उघडायला लावत. काकू सगळ्यात शेवटी जाई, आ करी आणि जीभ लांब काढून दाखवी. "सोडा आता हे," बाई म्हणत. "तुम्ही पाह्यत राहा, मी खात राह्यतो," काकू म्हणे. बाई रागावत, बॅटरीच्या उजेडात गाल आतून चाचपत आणि "या महिन्यात ठीक आहे" म्हणून सोडत. हे काम काकूनं का धरलं होतं कोण जाणे. विचारलं तर म्हणायची, "पायली माह्या घरी होती म्हून."

तिला देवी करून मला लिहायचं नाही. ती हट्टी होती आणि त्या हट्टानंही तिच्या कामाचं नुकसान केलं. सोयाबीन आलं, ज्वारी गेली. रानडुकरांनी कणसं ठेवली नाहीत, मजूर मिळेनात, लोकांनी पेरणंच सोडलं. तरुण पोरं म्हणाली, काकू, पैसे घेत जा. ती ऐकेना. "पैसा देल्ला का माणूस हिशोब करते, माह्ये किती गेले न् किती वसूल झाले. दाना देल्ला का इसरून जाते." मग लोक शेटच्या दुकानातून ज्वारी विकत आणून तिच्या पायलीत ओतू लागले. ती परत बाजारात जाऊन विकायची. शेटचा तेवढा धंदा झाला. पोरं टिंगल करत. मीही केली. सामील झालेली घरं गळू लागली आणि कशीबशी अट पुरी होईल इतकीच उरली.

तोवर मी गावाबाहेर पडलो होतो. मोठ्या रस्त्यावरच्या एका खासगी दवाखान्यात, नाव सांगत नाही, सरकारी आरोग्य योजनेच्या काउंटरवर मला काम मिळालं होतं. योजनेचं कार्ड घेऊन लोक येत. कोणता आजार यादीत बसतो, कोणता बसत नाही, कोणता कागद कमी आहे, हे सांगायचं माझं काम. बहुतेक वेळा मी 'बसत नाही' हेच सांगत असे. ऑपरेशन बसे, मोठे आजार बसत. पण आजार मोठा आहे हे ज्या तपासण्यांवरून ठरायचं त्या आधी स्वतःच्या खर्चानं कराव्या लागत. भरती न होता घेतलेली औषधं बसत नसत. लोक वाद घालत, रडत, काही शिव्या देत. मी पुढचा नंबर पुकारी.

मग बातमी आली की योजना आता सगळ्यांना, रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असो. टीव्हीवर चर्चा झाल्या, पुढाऱ्यांचे फलक लागले आणि आमच्या ग्रामसभेत विषय निघाला की आता दवाखान्याची ज्वारी बंद करायची का. मी सुट्टीवर गावात होतो. मागं भिंतीला टेकून उभा होतो.

"सरकारच सगळ्यायले कार्ड देऊन राह्यलं," सरपंच म्हणाले, "मंग आता ज्वारी कायले?"

काकू पायली मांडीवर घेऊन पुढंच बसली होती. "कार्ड कवा चालते?"

"बिमार पडल्यावर."

"किती बिमार?"

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "भरती झाल्यावर, काकू."

"म्हंजे खाटेवर पडेपर्यंत वाट पाहाची. आन खाटेवर पडू नाई म्हून जे बाई दर महिन्याले येते, तिचं काय?"

"उपकेंद्र हाय ना गावात," शेट म्हणाले.

"हाय ना. त्याले कुलूपबी हाय."

पुन्हा हशा झाला. निवृत्त झालेले गुरुजी उठले. त्यांनी खासगी विमा घेतला होता. "दरवर्षी हप्ता वाढते," ते म्हणाले, "आन दावा केला का म्हणतात हे पॉलिसीत बसत नाही. त्यापेक्षा सरकारचं बरं. निदान फुकट तं आहे." माना हलल्या. काकू म्हणाली, "दोन्ही ठेवा ना गुरुजी. कार्डबी ठेवा, बाईबी ठेवा. एका पायलीनं कोन मरून राह्यलं?" त्यावर दोघं-तिघं 'बरोबर हाय' म्हणाले. मला अजून वाटतं, तिथंच ती जिंकली असती.

मग सरपंच माझ्याकडे वळले. "आपला गजू तं तिथंच बसते. सांग बा गजू, कार्डावर सगळं होते का?"

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. काकूनंही. गावानं मला काही विचारायची ती पहिलीच वेळ. पुढच्या महिन्यात आमच्या दवाखान्याचं शिबिर गावात भरवायचं होतं. पेशंट आले तर तुझं काम पक्कं करू, असं मॅनेजर म्हणाले होते. दोन्ही गोष्टी मनात होत्या. पण त्याहून जास्त तो क्षण होता. सगळं गाव माझ्याकडे बघतंय आणि आपण 'नाही, त्याच्यात बऱ्याच अडचणी आहेत' असं म्हणायचं, हे जमेना. लहान वाटलं असतं.

"होते," मी म्हणालो. "सगळं होते."

हात वर झाले. ज्वारी बंद झाली. काकू उठली. पायली उचलली आणि घरी गेली. त्यानंतर डॉक्टरीणबाई एकदाच आल्या, निरोप घ्यायला. आमचं शिबिर झालं, दणक्यात झालं. माझं काम पक्कं झालं.

पुढं एक वर्ष गेलं असेल. काउंटरसमोरच्या रांगेत काकू उभी होती, सोबत सून शोभा. काकूचा उजवा गाल सुजलेला, तोंडावर पदर. मी ओळखलं आणि संगणकात मान घातली. आधीच्या माणसाला मुद्दाम वेळ लावला. शेवटी नंबर आलाच. शोभानं कार्ड पुढं केलं. "गजूभाऊ, आत्याबाईच्या तोंडात गाठ आली. बरेच दिवस सांगतलंच नाई त्याइनं. म्हणत, बाई परत येईन तवा दाखवीन. आता बाई कुठची?"

मी नेहमीचं सांगितलं. ऑपरेशन कार्डावर होईल, पण आधी तुकडा काढून तपासायचा, स्कॅन करायचा, तो बाहेरून, स्वतःच्या खर्चानं. मग कागद वर जातील, मंजुरी येईल. काकूनं पदर थोडा खाली केला. बोलताना तिला त्रास होत होता.

"हे तपासनं कार्डात नाई का?"

"नाही, काकू."

"तुले तवा ठाऊक होतं का गा? सभेत?"

तिचा आवाज टोचून बोलायचा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मागं रांग होती, शेजारच्या टेबलावर मॅनेजर होते.

"नाही," मी म्हणालो. "नियम नंतर बदलले."

तिनं मान हलवली. "बरं. मंग तुहा काय दोष." शोभाकडे वळून म्हणाली, "चाल. रांग खोळंबून राह्यली."

तपासण्या झाल्या. एक कागद कमी पडला, तो आणला. मंजुरीला वेळ लागला. मंजुरी आली तेव्हा सर्जननी तोंड उघडून पाहिलं आणि आता कापण्यासारखं राहिलं नाही म्हणाले. मी हे सारं काउंटरच्या या बाजूनं पाहिलं. त्या कागदांवर शिक्के मीच मारले. आधी कोणी बॅटरी धरून तिचा गाल चाचपला असता तर ती वाचली असती का, हे मला कोणी खात्रीनं सांगू शकत नाही. मी कोणाला विचारलेलंही नाही.

शेवटी शेवटी काकूला बोलता येत नव्हतं. तरी बोलता येत होतं तोवर तिनं एक काम करून ठेवलं, ते मला तेरवीला कळलं. मी वाढत असताना पंगतीत बसलेले शेट म्हणाले, "गावात काही पोट्टे तुह्यावर नाराज होते, गजू. गजूनं सभेत फसवलं म्हणत होते. काकूनं त्यायले घरी बोलवून दटावलं. म्हणे, त्याले ठाऊक नव्हतं, नियम मागून बदलले, त्याच्या नावानं बोलू नका." शेटनी ताटातला घास घेतला. "तिचं ऐकलं सगळ्याइनं. काकू खोटं बोलन का?"

मी वरणाची बादली घेऊन पुढं गेलो.

या हिवाळ्यात पुन्हा ग्रामसभा झाली. गुरुजींनी विमा सोडला आहे, हप्ता त्यांच्या पेन्शनीत मावेना. बचतगटाच्या बाया म्हणतात, ज्वारी नाही तर नाही, रोख गोळा करू आणि डॉक्टरीणबाईंना परत बोलावू. शोभाच पुढं होती. पण काही जण म्हणाले, कार्ड तर आहे, आता यादीही वाढली म्हणतात, कशाला. पुन्हा कोणीतरी म्हणालं, गजूले विचारा, त्याले सगळं माहीत असते. मी होतो तिथं. म्हणालो, नवीन नियम पाहून सांगतो. शोभानं मान हलवली. तिचाही विश्वास आहे. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

काकूनं गावाला माझ्याबद्दल जे सांगितलं ते खरं नव्हतं, आणि ते खोटं मी तिच्या तोंडात घातलं होतं. मला ठाऊक होतं. ज्या जागी उभा राहून मी 'होते' म्हणालो त्याच जागी, शोभासमोर, हे सांगायचं माझ्याकडे बाकी आहे. अजून सांगितलेलं नाही.