धरलेली जागा

कोचीच्या किनाऱ्यावरची ती मोठी चिनी जाळी हळूहळू पाण्यात उतरतात, थोडा वेळ तिथेच थांबतात आणि मग चार-पाच माणसं दोर ओढून ती वर काढतात. बाकावर बसून मी ते बघत होतो. आमची क्रूझ सकाळीच संपली होती आणि विमान संध्याकाळचं होतं. मधल्या वेळात जाळी बघायची, जेवायचं आणि विमानतळावर लवकर जाऊन बसायचं, हे सुमनने कधीच ठरवून ठेवलं होतं. "तिथे बसून राहू, पण धावपळ नको," असं ती प्रत्येक प्रवासात म्हणायची. तिकिटं दोघांची काढली होती. ती मार्गशीर्षात गेली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही जाऊन या." म्हणून आलो. समुद्र बघितला, जेवलो, झोपलो. कसं वाटलं, ते सांगता येणार नाही.

जाळं वर आलं. त्यात दोन-चार मासे तडफडत होते. लोकांनी फोटो काढले.

"इथे कोणी बसलंय का हो?" क्रूझवरच्याच एका बाईंनी विचारलं.

तेव्हा लक्षात आलं, शेजारी मी पिशवी ठेवली होती. कुठेही गेलो की सुमन आधी एक चक्कर मारून यायची आणि मी जागा धरून बसायचो. जहाजावरही जेवताना शेजारच्या खुर्चीवर रोज ही पिशवी होती.

"नाही, बसा ना," म्हणत मी पिशवी मांडीवर घेतली.

बाई बसल्या. जाळं पुन्हा पाण्यात उतरलं. मी घड्याळ बघितलं. निघायला अजून खूप वेळ होता.