माझ्या कागदावरचे जून-जुलै

गेल्या मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मला एका मशीनने नापास केलं. नववीत नापास झालो तेव्हा निदान गुरुजी तोंडावर बोलले होते...

मी हैदराबादच्या बाहेर एका गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. आठ वर्षं झाली. आता आमच्या शहापूरला हायवेलगत नवीन मोठं गोडाऊन उघडलंय, घरापासून बाईकने अर्धा तास. घरी आई एकटी, तिचे गुडघे गेलेत. म्हटलं बास झाला परमुलूख, अर्ज टाकू.

अर्ज मोबाईलवर, मुलाखत पण मोबाईलवर. समोर एक बाई बोलते, पण ती बाई नाही, एआय आहे. 'आपल्याबद्दल नव्वद सेकंदांत सांगा.' मी शेडमागे उभा, एका हातात डबा, आणि सवयीने मोबाईललाच नमस्कार केला.

मग प्रश्नामागून प्रश्न, तेवीस मिनिटं बोललो. रॅक किती उंच लावतो, बॅटरी कधी बदलतो, सगळं सांगितलं. डबा धुवून होईपर्यंत मेल आला... 'आपली माहिती या पदाशी जुळत नाही.'

काय जुळत नाही? लायसन आहे, आठ वर्षांत एक पॅलेट पाडलेलं नाही. मेलला उत्तर दिलं तर ते परत आलं, त्या पत्त्यावर कोणी वाचतच नाही म्हणे.

मग मंगेशला फोन लावला. मंगेश मुरबाडचा, आमचं फोर्कलिफ्टचं ट्रेनिंग एकत्र झालं, तो गुजरातला असतो. त्यानेही तिथेच अर्ज केला होता आणि तो पास.

"तू फॉर्मात कामाच्या तारखा कशा लिवल्यास?" त्याने विचारलं. मी म्हटलं, जशा आहेत तशा.

"येडा हायस काय रे? मी सरळ एकच लाइन मारली, सहा वर्सं सलग. तुझं वाचून त्याला वाटलं आसंल, हा दरसाल पळून जातो."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, एकट्याने होत नाही. आज सगळे एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. ज्या घरचा माणूस आला नाही, त्याच्या खाचरात कोण कशाला उतरेल? म्हणून मी दर जूनला नाव कमी करून घरी येतो आणि ऑगस्टमध्ये परत लागतो. ठेकेदार दोन महिन्यांची रजा देत नाही, पण परत घेतो, कारण काम बघितलंय त्याने.

म्हणजे माझ्या फॉर्मवर नऊ वेळा लागलो, आठ वेळा सोडलं. मशीनला खाचर काय माहीत...

मंगेश म्हणाला, दुसऱ्या जीमेलवरून परत भर. खरं सांगतो, भरायला घेतलाही होता. पण शेवटी ती टिक असते ना, माहिती खोटी आढळल्यास कामावरून काढू. तिथे बोट अडलं.

गावची एक ताई कल्याण कोर्टात वकिली करते, तिला विचारलं. ती म्हणाली, "मशीनने माणूस निवडू नये, असा सरळ कायदा आपल्याकडं अजून नाय. आपली माहिती कोणी घेतली, तिचं काय केलं, ते विचारायचा कायदा झालाय, पण तो पुरता लागू व्हायचाय. तरी विचारायला कोणी बंदी घातलेली नाय. निर्णय कोणी घेतला ते लेखी विचार. आणि खोटं भरू नको, उद्या तेच कारण दाखवून तुला काढतील."

मग तिने अजून एक सांगितलं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. 'शहापूर-मुरबाडची पोरं नकोत' असं कंपनीने कुठे लिहिलेलं नाही. पण जून-जुलै रिकामा दिसला की बाद, असं मशीन असेल, तर आमच्या दारातल्या गोडाऊनमधून आम्हीच गळणार. आणि बोट कोणाकडे दाखवायचं? कंपनी म्हणणार सिस्टीमने केलं, सिस्टीमवाला म्हणणार कंपनीने तशी मागितली.

मी वहीच्या पानावर अर्ज लिहिला. अक्षर माझं कोंबडीच्या पायाचं. फोटो काढून कंपनीच्या ऑफिसला पाठवला. मला नाही म्हणणारा माणूस कोण, त्याचं नाव कळवा, एवढंच.

शनिवारी एचआर मॅडमचा फोन आला. आधी तेच, "सिस्टीमने केलंय, कारण आम्हालाही दिसत नाही." मी म्हटलं, मॅडम, तुम्हाला दिसत नाही, मला दिसत नाही, मग बघतंय कोण?

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग म्हणाल्या, "बरं, मला सांगा... इथे घेतलं, तर जूनमध्ये सोडून जाणार का?"

"कशाला जाऊ? लांब आहे म्हणून सोडावं लागतं. शहापूरला असलो तर सकाळी खाचरात, दुपारी सेकंड शिफ्टला. फक्त पाय धुवायला नळ लागेल."

त्या हसल्या. "हे फॉर्ममध्ये का नाही लिहिलंत?"

"जागाच नव्हती मॅडम."

गुरुवारी गोडाऊनवर बोलावलंय. माणूस मुलाखत घेणार आहे, हे मी दोनदा विचारून घेतलं. तिकीट वेटिंगवर आहे, नोकरीचं काय होईल माहीत नाही. आईला अजून काही बोललो नाही, उगाच वाट बघत बसेल.

पण मॅडम, तुमचे आभार. मशीनने मला तेवीस मिनिटं बोलायला लावलं आणि जूनमध्ये मी कुठे असतो हे एकदाही विचारलं नाही... तुम्ही विचारलंत.