चौथ्या मजल्याचा शब्द

रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून लिफ्टमननं अर्धं आयुष्य वरखाली केलं होतं. आता नवी लिफ्ट येणार होती, तिला माणूस लागणार नव्हता. कारकुनाची परीक्षा पास झाला तरच नोकरी टिकणार, आणि वय बघता ही शेवटची संधी. आधी दोन्ही वेळा इंग्रजीतल्या समानार्थी शब्दांनी त्याला आडवं केलं होतं.

घरात एकच पुस्तक होतं, बायको उर्दू शाळेत शिकत होती तेव्हाचं. इंग्रजी शब्द आणि समोर उर्दू अर्थ. त्याला ती लिपी येत नव्हती, म्हणून सकाळी चहा उकळेपर्यंत ती अर्थ मोठ्यानं वाचायची. "दिलेर म्हणजे धाडसी. तुम्ही नव्हे हो," असा टोमणाही वर फुकट.

कामावर त्यानं शक्कल लढवली. तळमजल्यावर उर्दू अर्थ, मग मजल्यागणिक एकेक इंग्रजी शब्द. दिलेर! ब्रेव्ह, बोल्ड, डेअरिंग... लोक वॉर्डात जात होते, हा शब्दांत.

पण उजळणी घेताना बायको वैतागली. "प्रत्येक वेळी चौथाच शब्द कसा खाता हो?"

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. चौथ्या मजल्यावर मोठ्या सिस्टर चढायच्या आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा लगेच सुरू व्हायचा. दुखरा गुडघा, गळका नळ, उलट बोलणारी सून. त्या गदारोळात चौथा शब्द रोज वाहून जायचा.

त्यानं चाचरत त्यांना सांगितलं. सिस्टरचं तोंड एवढंसं झालं, पण दुसऱ्या दिवसापासून त्या ओठ घट्ट मिटून लिफ्टमध्ये उभ्या राहू लागल्या. त्यांना ते किती जड जातंय हे चेहऱ्यावर दिसायचं. त्यालाच कसंतरी व्हायचं.

परीक्षेत 'रिलीफ'चे समानार्थी शब्द विचारले. मग बाकावर बोटानं बटणं दाबत तो मनातल्या मनात वर निघाला. तळमजल्यावर राहत, म्हणजे दिलासा. मग रिलीफ, ईझ, कम्फर्ट... चौथ्यावर दार उघडलं, सिस्टर ओठ मिटून आत आल्या, आणि शांतपणे 'सोलेस' आठवला.

निकालाच्या दिवशी तळमजल्यावर फोन वाजला. बायको रडत होती की हसत, कळेना. "राहत! अहो, राहत! पास झालात!"

तो स्टुलावर मटकन बसला. इतक्या महिन्यांचं ओझं उतरलं आणि डोळे वाहू लागले. पुसायचंही त्याला सुचलं नाही.

चौथ्या मजल्यावर सिस्टर चढल्या. त्याचे डोळे बघून घाबरल्या, पण सवयीनं गप्पच राहिल्या.

"पास झालो, सिस्टर," तो म्हणाला. "आता बोला. सुनेचं काय झालं?"

"अरे बाबा," त्यांनी पदरानं डोळे टिपले, "कुठून सुरुवात करू?"

"पहिल्यापासून करा," तो म्हणाला. खालून घंटी वाजत होती. त्यानं ती खुशाल वाजू दिली.