जिभेला लावलेलं बोट

इकडे सरक वं वैशू. पुण्यात असलीस म्हणून काय झालं, खुर्ची ओढ आणि माझ्याजवळच बसली आहेस असं समज. तो मोबाइल आधी स्पीकरवर टाक आणि टेबलावर पालथा ठेव. परवा फोनवर तू मला म्हणालीस, "आत्या, एवढ्याशा गोष्टीवरून तमाशा काहून केलास? मी किती हौसेनं खोली घेतली होती तुझ्यासाठी." पोट्टे, तू शिकलेली आहेस, पण आधी विचारायचं असतं, मग रागवायचं असतं. त्या हॉटेलवालीचा फोन आला आणि तू माझा निकाल लावून मोकळी झालीस. आता माझं ऐक. मधे हूं हूं करू नको.

माझं मनगट धरलं त्यानं.

हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसानं. चार पाहुण्यांसमोर. मनगट धरून मागे ओढलं आणि ओरडला, "अरे माताजी! हात मत लगाओ! थूक लगा दिया इस पे!"

काय केलं होतं मी? माझ्या सत्तरीची भेट म्हणून तू मला महाल भागातल्या त्या बारा खोल्यांच्या हॉटेलात एक दिवस राहायला पाठवलंस. मी बेसाच्या घरून ऑटोनं गेले. दारातल्या पोरीनं गोड बोलून नाव लिहून घेतलं, खोलीचं कार्ड दिलं, आणि ती जेवायला गेली. खोली म्हणजे डबा गं. पदर झटकला तर समोरच्या भिंतीला लागेल. पण सुबक. कांड्यांचा दिवा केलेला, सूत गुंडाळायच्या आपल्या कांड्या, त्यांच्या झुपक्यात बल्ब. दारावर नंबर नाही, नाव. "धोटा." मला हसू आलं. म्हटलं, अर्धा जन्म मागावर सुताचा धोटा इकडून तिकडे फेकला, आता त्यात झोपायचं.

मग खाली उतरले. खालच्या दालनात त्यांनी खड्ड्याचा माग मांडला आहे. खरा. जुन्या सागवानाचा. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पायानं दाबायच्या पावड्या, वर उभ्या तारांचा ताणा चढवलेला, भोवती जाड दोर बांधलेला. त्या ताण्यातल्या काही तारा तुटल्या होत्या, एक तर समोरच लोंबत होती.

आता तुला हे कसं सांगू? कोष्ट्याच्या घरच्या बाईला तुटलेली तार दिसली की हात थांबत नाही. रडणारं पोर दिसलं तर थांबतो का? बोट जिभेला लावायचं, ओल्या बोटानं टोक पिळायचं, दुसऱ्या टोकाला सांधायचं. गाठ एवढी बारीक की फणीतून निघून जावी. माझी आई असंच करायची, तिची आई असंच करायची. ओलं केल्याशिवाय सूत ऐकत नाही. मी दोराच्या वरून वाकले, बोट जिभेला लावलं, तार सांधली. तेवढ्यात त्यानं मनगट धरलं.

मग त्यानं काय केलं, ते ऐक. हात धुवायच्या औषधाची फवारणीची बाटली आणली. मी सांधलेल्या तारेवर मारली. एकदा नाही, तीनदा. कागदानं पुसली. तार परत तुटली. मग बाटली माझ्याकडे केली.

"हाथ आगे करो."

आणि मी हात पुढे केला. वैशू, मी हात पुढे केला! सत्तर वर्षांची बाई, शाळेत नखं दाखवायला उभी राहावी तशी. त्यानं माझ्या बोटांवर औषध मारलं. पाहुणे बघत होते. एक बाई तर अंग चोरून बाजूला झाली.

"किसके साथ आए हो? मॅडम किधर है आपकी?"

मी कोणाचं तरी पोर सांभाळायला आलेली बाई आहे, असं वाटलं त्याला. मी ब्लाउजमधून कार्ड काढून दाखवलं. तो कार्डाकडे बघून "सॉरी" म्हणाला. कार्डाकडे बघून. माझ्याकडे नाही.

मी तिथून निघाले. वर जाऊन पलंगावर बसले, बोटांना औषधाचा वास. मोठ्या घरच्या बायका ज्या लुगड्यांत देवापुढे बसल्या, त्या प्रत्येक लुगड्यात आमची थुंकी आहे. हे मला तेव्हा सुचायला पाहिजे होतं. सुचलं पलंगावर.

मी गप्प काहून राहिले ते सांगते. ती जागा माझ्या ओळखीची आहे. तुला कोणी सांगितलं नाही, कारण आपल्या घरात कोणी बोललंच नाही. हॉटेल झालं त्याच्या आधी तिथे सुताच्या व्यापाऱ्याची पेढी होती. तुझे आजोबा, माझे बाबा, तिथून सूत आणायचे आणि लुगडं विणून तिथेच द्यायचे. मी नऊ वर्षांची असेन. करवती काठाचं लुगडं होतं, बाबांनी पाठ मोडून विणलेलं. काठाचे दात इतके सरळ की बघत राहावं. कांड्या मी भरल्या होत्या, म्हणून हट्ट करून सोबत गेले होते. मालक गादीवर लोळलेला. आम्ही पायरीच्या खाली. बाबांनी घडी वर ठेवली. मालकानं हात नाही लावला. पायाच्या अंगठ्यानं घडी उलगडली. अंगठ्यानं काठ दाबून पाहिला आणि म्हणाला, "उचल. दुसरं आण."

बाबा म्हणाले, "हो जी."

घडी उचलली, झटकली, छातीशी धरली. वाटेत मी विचारलं, "बाबा, त्यानं पाय काहून लावला?"

"चूप बस. सूत त्याच्याकडूनच येते."

मी चूप बसले. फार चांगली चूप बसले. चौथीतून काढलं तेव्हा चूप. पुढे अक्षरं मी सुताच्या बंडलाच्या कागदांवरून शिकले, तीही चूपचाप. लग्नानंतर घरचा माग मोडला, लाकूड चुलीत गेलं, तेव्हा चूप. सदर बाजारातल्या साडीदुकानात तीस वर्षं फॉल लावले, मागच्या गोदामात बसून, गिऱ्हाइकाला दिसायचं नाही अशी ताकीद होती. तिथेही चूप. साठ वर्षं एका माणसाचा अंगठा डोळ्यांपुढे धरून चूप.

तीनच्या सुमाराला दारावर टकटक. हॉटेलची मालकीण. तरुण आहे, तागाची साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात चांदी. दारातल्या पोरीनं तिला काहीतरी सांगितलं असावं. तिनं माझा तोच हात दोन्ही हातांत धरला.

"आजी! तुम्ही विणकर आहात? ओ माय गॉड! आणि आमच्या माणसानं तुम्हाला... आय ॲम सो सॉरी!"

मला बरं वाटलं. खोटं काहून सांगू? डोळ्यांत पाणीच आलं. मग ती म्हणाली, "संध्याकाळी आमचे काही गेस्ट येतायत. तुम्ही थोडा वेळ मागावर बसाल? आपलंच घर समजा."

मी हो म्हटलं. तू मला नावं ठेवणारच असशील तर इथे ठेव. अडतीस वर्षं माझ्या पायांखाली पावडी नव्हती, वैशू. मला तिनं सोनं देते म्हटलं असतं तर मी विचार केला असता. माग म्हटल्यावर केला नाही.

संध्याकाळी मी खड्ड्यात पाय सोडून बसले. आधी सगळ्या तुटलेल्या तारा सांधल्या. मग पावडी दाबली. पायाला सगळं आठवत होतं गं! मला सकाळची गोळी आठवत नाही, पायाला सगळं आठवत होतं. धोटा इकडून तिकडे, फणीचा ठोका, पावडी, धोटा, फणी. आजूबाजूचं सगळं नाहीसं झालं. पाव तासात चार बोटं कापड विणलं.

मग मान वर केली.

मी जमिनीला बसलेली, ते पाहुणे खुर्च्यांवर. एकाचा बूट माझ्या कोपराजवळ गाण्याच्या ठेक्यावर हलत होता. एकानं कॉफीचा कप ठेवला. कुठे? मी विणलेल्या कापडावर. ज्या मागाला आपण दसऱ्याला हळदकुंकू वाहतो, त्याच्यावर आपण पाण्याचा लोटा ठेवत नाही. मी कप उचलून खाली ठेवला. तो हसला.

एकीनं मालकिणीला इंग्रजीत विचारलं, ही इथेच राहते का. इंग्रजी मला समजतं. फॉल लावता लावता तीस वर्षं गोदामाच्या भिंतीआडून गिऱ्हाइकांची बोलणी ऐकली आहेत. मालकीण म्हणाली, "शी इज आवर आजी. ही कम्युनिटी पूर्वी याच गल्लीत राहायची. सो सिम्पल पीपल."

आवर आजी. मी तिच्या वरच्या खोलीत उतरलेली, तू पैसे भरलेल्या. आवर आजी.

मग ती माझ्याकडे वाकली. "आजी, ते बोटाचं पुन्हा करा ना. एक तार तोडा, आणि जिभेला बोट लावून जोडता ना, ते. फार ऑथेंटिक दिसतं."

समोर मोबाइल धरून शूटिंग करायला कोण उभा होता? तोच. दुपारचा. औषधाच्या बाटलीवाला.

माझ्या आत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. रागाला आवाज असतो असं वाटायचं. नसतो. सगळं एकदम स्वच्छ दिसायला लागतं, बस.

मी म्हटलं, "मी तार नाही तोडत."

"अहो, एकच. फक्त व्हिडिओसाठी."

"एकही नाही. तुटलेली जोडाची असते, बाई. जोडासाठी तोडाची नसते." मग विचारलं, "तुमच्या हॉटेलात मी कोण आहो?"

"अहो आजी, असं काय? तुम्ही तर आमच्याच."

"नाही. मी तुमची नाही. मी पाहुणी आहो. हे खुर्चीवर बसले ना, तशी पाहुणी. वरची खोली माझ्या भाचीनं माझ्यासाठी घेतली. दुपारी हीच थुंकी यानं दवा मारून पुसली, माझ्या हातावर दवा मारली. आता तिचाच सिनेमा काढून राहिला. दुपारी घाण होती तर आता काय झाली?"

कोणीतरी हसलं. मग कळलं असावं, की हसायचं नाही.

ती बाई तुला म्हणाली ना, मी माग खराब केला? खोटं बोलली. एक तार तोडली नाही मी. मी माझं विणलेलं उकललं, बस. उलट्या पावड्या दाबल्या, आडवी घातलेली एकेक तार ओढून काढली आणि परत कांडीवर गुंडाळली. एकेक. विणायला पाव तास लागला होता, उकलायला अर्धा तास लागला. कापड काढणं विणण्यापेक्षा जड असतं, घाई केली की ताणा तुटतो. मी घाई केली नाही. ते बघत बसले. काही उठून गेले. कॉफी थंड झाली. मालकीण हळूच म्हणाली, "आजी, प्लीज, ते आम्हाला फ्रेम करून ठेवायचं होतं."

"म्हणूनच काढून राहिली," मी म्हटलं.

चार बोटं कापड होतं, ते शून्य झालं. सगळ्या तारा सांधलेल्या ठेवून मी खड्ड्यातून वर आले. गुडघे वाजले. जाताना एका पोरीनं विचारलं, "तुमचं नाव काय?" मी सांगितलं. पूर्ण सांगितलं. त्या दालनात मला कोणी नाव विचारलं ते तेवढंच.

आणि पळून नाही आले मी. तुझ्या हौसेची खोली होती. मधल्या टेबलावर बसून जेवले. वरण-भात नव्हता, होतं ते जेवले. झोपलेही. सकाळी गरम पाण्यानं आंघोळ केली, नाश्ता केला, आले.

आता त्यांनी इंटरनेटवर फोटो टाकला आहे. मी मागावर, बोट जिभेला. मी सवयीनं तारा सांधत होते तेव्हा न विचारता काढलेला. खाली लिहिलं आहे, "आमच्या आजी, आमचा वारसा." तू म्हणालीस, "आत्या, किती छान दिसतेस! राहू दे ना." आणि ती मालकीण तुला म्हणाली, आजींनी हॉटेलबद्दल दोन चांगल्या ओळी लिहून दिल्या की विषय संपला.

दोन चांगल्या ओळी मी लिहिणार नाही. मी माझ्या ओळी लिहिल्या आहेत. फोटो काढा. मी परवानगी दिलेली नाही. मी तुमची आजी नाही आणि तुमचा वारसाही नाही. पाहुण्याचं मनगट धरल्याची माफी मला हवी आहे, ज्यानं धरलं त्याच्याकडून हवी आहे, आणि ज्या बाईच्या घरात असं होतं तिच्याकडूनही हवी आहे. लेखी. खाली माझं पूर्ण नाव आहे. सरळ अक्षरात आहे, तीन वेळा गिरवून मग लिहिलं.

माझ्या बाबांना "हो जी" म्हणावं लागलं. सूत त्या माणसाच्या हातात होतं. माझं काय आहे आता कोणाच्या हातात? काही नाही. मग मी काहून म्हणू? उद्या कोणी मागावर बसा म्हटलं, तर मी आधी विचारीन, कापडावर नाव कोणाचं आणि मी बसल्यावर तुम्ही कुठे बसणार. उत्तर पटलं तर बसेन. नाही पटलं तर त्यांच्या तोंडावर सांगेन, नंतर पलंगावर बसून नाही.

हॉटेलात फोन करून विचारलं मी. त्यांचं म्हणणं, बुकिंग तुझ्या नावावर आहे, तर तक्रारीच्या पत्रावर तुझीही सही लागेल. म्हणून लवकर ये वं वैशू. या शनिवारी जमव. पातोडीची भाजी करते, तुला आवडते तशी झणझणीत. दोन दिवस राहा, तुझ्या आत्याशी भरपूर भांड, मला चालेल. पण सही करायला ये. मला समजवायला येऊ नको.