नारळाचं पोतं

पंचवटीतल्या भारत-जपान युवा मैत्री मंडळाचे चिटणीस जयरामभाऊ पगारे यांना सत्कार या शब्दाचीच चीड होती. मैत्री म्हणजे गप्पा, गाणी, एकमेकांच्या घरी जेवण, अशी त्यांची भाबडी समजूत. मंडळ मात्र चौदा वर्षं जपानी पोरांना खुर्चीत बसवून शाली पांघरत होतं. तेही भर मे महिन्यात!

२००४ साली भाऊंचा जीव टांगणीला लागला, तो हर्षालीपायी. त्या वर्षीचे जपानी पाहुणे काम बघून इथल्या एकाच तरुणाला वर्षभर जपानला नेणार होते. घोटीजवळच्या पाड्यावरच्या हर्षालीनं पोरी जमवून गावच्या विहिरीचा गाळ उपसायला घेतला होता. तिचं नाव भाऊंनीच सुचवलं होतं. रात्रीचं विमान गाठायचं तर पाहुण्यांना चारला घोटी सोडणं भाग होतं.

दुपारी एक वाजला. पंचवटीतल्या स्टेजवर पाहुण्यांचे सत्कार आटोपले. मग जपान बघून आलेल्या पदाधिकाऱ्यांचे झाले. आता त्यांच्या सौभाग्यवतींची नावं पुकारली जात होती.

"अध्यक्ष, आवरा. तिकडं पोरगी सकाळपासून वाट बघतेय."

"अहो जयरामभाऊ, माणसं नाराज होतात. तीसच राहिलेत."

तीसच! भाऊंनी कपाळावर हात मारला. ते तडक स्टेजमागं गेले, नारळाचं पोतं ओढत जीपमध्ये टाकलं आणि वर बसकण मारली. नारळाशिवाय नुसती शाल घ्यायला कोणी तयार होईना. पाच मिनिटांत कार्यक्रम संपला.

पाड्यावर जीप थांबते तोच हार घेऊन सरपंच पुढे. "भाऊ, नारळ कमी पडत्यात. तुमच्याकडं हायेत का?"

"नाय!" भाऊ पोत्यावरूनच ओरडले.

हर्षाली हसली आणि पाहुण्यांना थेट विहिरीकडे घेऊन गेली. चार वाजेपर्यंत दोन जपानी पोरं गुडघाभर गाळात उतरली होती.

हर्षाली जपानला गेली. वर्षानं परतली, तेव्हा मंडळानं अर्थातच सत्कार ठेवला. भाऊ नेहमीसारखे मागं उभे राहून घड्याळ बघत होते. हर्षालीनं शाल-नारळ घेतला, स्टेजवरून उतरली आणि दोन्ही भाऊंच्या हातात ठेवून पाया पडली. चौदा-पंधरा वर्षांत त्यांना कोणी नारळ दिला नव्हता. मग ती माईकपाशी जाऊन भाऊंविषयी बोलू लागली.

अध्यक्षांनी आवरण्याची खूण केली, तसे भाऊ उखडले. "बोलू द्या हो तिला! कसली घाई आहे?"