गल्लीच्या टोकाचा नळ

लातूरच्या ज्या गल्लीत महादेवी लग्न होऊन आली, तिथे वरच्या गल्ल्यांचं सांडपाणी उताराने आपोआप येई आणि पिण्याचं पाणी मात्र वरच्यांना पुरून उरलं तर येई. पाइपलाइनचं शेवटचं टोक या गल्लीत होतं. नळ आठवड्याने, कधी दहा दिवसांनी सुटायचा, आणि सुटला तरी शेवटच्या घरापर्यंत पोचेस्तोवर करंगळीएवढी धार उरायची. महादेवीचं घर शेवटचं.

चाकूरच्या शेतकऱ्याची ही मुलगी. आई लहानपणीच गेलेली. नवरा माणिकप्पा डाळ मिलमध्ये दिवाणजी होता, सरळ आणि अबोल. पाणी कसं पुरवावं हे महादेवीला कुणी शिकवलं नाही, तिचं ती शिकली. भाजी धुतलेल्या पाण्यात भांड्यांचा पहिला हात, भांड्यांचं पाणी न्हाणीत. रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यातही तिच्या घरी आलेला पाहुणा तहानलेला गेला नाही. शिवाय ती अतिशय नेटकी. हंडे चिंचेने घासलेले, माठाला रोज ओला पंचा, आणि पाणी गाळायला चौपदरी धोतर. ताज्या पाण्याची पहिली नितळ कळशी इष्टलिंगाच्या पूजेसाठी वेगळी काढायची, तिला घरात कुणी हात लावायचा नाही.

नळाला थेट मोटर लावायची कल्पना गल्लीत पहिल्यांदा तिनेच काढली. बायका आधी हसल्या. "महादेवीबाई आता जमिनीतून दूध काढायल्यात," असं शेजारची सिंधु म्हणाली. पण मोटर लावल्याबरोबर करंगळीची धार मनगटाएवढी झाली, आणि पुढल्या उन्हाळ्यापर्यंत घरोघरी मोटर बसली. ज्याच्याकडे नव्हती त्याला पाणीच मिळेना. मग न लावून सांगतो कुणाला. नळ सुटला की साऱ्या गल्लीत एकच घरघर सुरू होई. पाइपातलं पाणी संपलं तरी मोटरी ओढतच राहत. पुढच्या खेपेला नळ सुटला की पहिले दोन-तीन हंडे काळसर आणि वासाचे येत. ते अंगणात शिंपडायचे, पुढचं स्वच्छ आलं की भरायचं, अशी सगळ्यांची पद्धत पडली होती. त्या वासाचं कुणाला नवल वाटत नव्हतं.

त्या वर्षी होळीच्या सुमारास गल्लीत कावीळ आली. आधी कोपऱ्यावरच्या वीरेशला, मग सिंधुच्या नवऱ्याला, मग एकेक करत निम्म्या घरांत. माणिकप्पाचेही डोळे पिवळे झाले. रेणापूरच्या पुढे एका वस्तीवर काविळीची माळ घालणारे एक म्हातारे बाबा होते. कसल्याशा काड्यांची लहानशी माळ ते डोक्यावर ठेवत. ती सैल होत होत गळ्यात आणि मग छातीवर उतरली की कावीळ उतरली असं समजायचं. चुन्याच्या पाण्याने हात चोळले की पाणी पिवळं व्हायचं, ते बघून रोग्याला धीर यायचा. माणिकप्पाने माळ घातली, बिनतेलाचं जेवला, उसाचा रस प्याला आणि महिन्याभरात मिलमध्ये जायला लागला. वीरेश बरा झाला, सिंधुचा नवरा बरा झाला. गल्लीतलं एकही माणूस दगावलं नाही. त्यामुळे काविळीची भीतीच गेली. सर्दी-पडशासारखंच एक दुखणं, थोडं लांबणारं, एवढाच तिचा मान राहिला.

याच दिवसांत महादेवीची एकुलती एक लेक मंजुश्री देवणीजवळच्या सासरी सातव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण महादेवीसाठी ती नुसती रीत नव्हती. तिचं स्वतःचं पहिलं बाळंतपण आई नसल्यामुळे सासरीच झालं होतं, आणि तेव्हा ऐकलेली बोलणी ती विसरली नव्हती. आपल्या लेकीला आपण माहेर द्यायचं, हे तिने मंजुश्री पाळण्यात होती तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

विहीणबाई गौरम्मांचा फोन आला. "ईनबाई, तुमच्या गल्लीत कावीळ चालू हाय म्हणं. ह्या खेपी पोरगी हितंच राहू द्या की. आपल्या हिरीला पाणी हाय, दवाखाना बी जवळ हाय."

"कावीळ गेली आता," महादेवी म्हणाली. "हे बी हिंडाय लागले."

"तसं न्हवं. उगं जीवाला घोर कशाला."

"माझ्या घरी लेकीला घोटभर चांगलं पाणी मिळत न्हाई, असं म्हणायचंय का तुमाला?"

"मी कुटं तसं म्हणले," गौरम्मा म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

महादेवीला ते फार लागलं. दुसऱ्याच सोमवारी ती खण-नारळ, पुरणाचा डबा घेऊन देवणीला गेली, ओटी भरली आणि मंजुश्रीला घेऊन आली. जावई सोमेश बसपर्यंत पोचवायला आला होता. तो एवढंच म्हणाला, "मामी, जपा हं."

आणि तिने जपलं. कोवळ्या उन्हात तेल लावणं, डिंकाचे लाडू, दुपारी पडवीत गादी. आरोग्य केंद्राची बबिता घरोघरी फिरत होती, ती पडवीत टेकली.

"काकू, गटाराची आणि नळाची लाइन एकाच चारीत हाय. नळाचे जॉइंट फुटलेत. मोटर ओढली की गटाराचं पाणी पाइपात शिरतंय. मोटरी काढा म्हणून सांगायचंय मला."

"काढते. आधी वरच्या गल्लीच्या काढून ये."

बबिता ओशाळून हसली. "माझ्याच घरी हाय, काकू. काय सांगू मी लोकाला. पण हिच्यापुरतं तरी पाणी उकळा. चांगलं खळखळ. पोटुशी बाई हाय."

"अगं, धोतरातनं गाळते मी. काचेवानी पाणी असतंय."

"काचेवानी असलं तरी उकळा."

महादेवीने ते ऐकलं. एक वेगळं पातेलं काढलं, रोज सकाळी पाणी उकळून झाकून ठेवू लागली आणि लेकीला तेच प्यायला देऊ लागली. एकदाही चुकली नाही. पण वैशाखाचं ऊन होतं. मंजुश्रीला ते उकळलेलं पाणी नको व्हायचं. "अव्वा, कोमट पाण्यानं तहानच भागंना गं," म्हणायची. मग दुपारी महादेवी दही घुसळून ताक करायची. ताकात माठातलं गार पाणी, चिमूटभर जिरं, मीठ. मंजुश्री तांब्याभर ताक प्यायची आणि थंड फरशीवर पाठ टेकून निजायची. ताकासाठी पाणी उकळायचं असतं, असं महादेवीच्या मनात आलं नाही. ताकासाठी कोण पाणी उकळतं?

महिना उलटून गेला. आठवा सरत आला असताना मंजुश्रीला ताप आला. अन्नाचा वास नकोसा झाला, ओकाऱ्या सुरू झाल्या. दिवस भरत आलेत, होतं असं, म्हणून एक-दोन दिवस गेले. मग सकाळी तोंड धुताना महादेवीला लेकीच्या डोळ्यांतला पिवळेपणा दिसला.

"त्यात काय," सिंधु म्हणाली. "आमच्या ह्यांना झालती तशीच. माळ आणा."

माणिकप्पा माळ घेऊन आला. मंजुश्रीच्या केसांवर ती ठेवली, चुन्याच्या पाण्यात तिचे हात धुतले. पाणी हळदीसारखं पिवळं झालं तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. माळ कानापर्यंत आली, मग गळ्यात आली. देवणीला कळवलं नाही. गौरम्मांना काय तोंडाने सांगायचं होतं? छातीवर उतरली की सांगू, असं महादेवीने ठरवलं.

माळ छातीवर उतरली त्या दुपारी मंजुश्री आईला ओळखीना. अव्वा समोर बसलेली असताना "अव्वा कुठं गेली" असं पुन्हा पुन्हा विचारू लागली, आणि मग विचारायचीही थांबली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गळ्यातली माळ कात्रीने कापली. त्या रागावल्या नाहीत, दमलेल्या दिसत होत्या. "ही पाण्यातून येणारी कावीळ आहे," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना फार काही होत नाही, आपोआप बरी होते. गरोदर बाईचं मात्र लिव्हरच निकामी करते. आधी का नाही आणलं?"

 सगळे बरे झाले होते, म्हणून आणलं नव्हतं.

मुलगी दिवसांआधी जन्मली, मूठभर, पण रडली. मंजुश्रीला ते रडणं ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी ती गेली. देवणीला सोमेशच्या शेतात तिला बसवून मूठमाती दिली, कपाळाला विभूती लावली. गौरम्मा काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर महादेवीला हलकं वाटलं असतं.

ताकाचं तिच्या ध्यानात आलं ते घरी परतल्यावर. माणिकप्पा जेवताना म्हणाला, "ताक हाय का जरा?" घुसळलेल्या दह्याचं भांडं घेऊन ती माठाकडे गेली, पाण्यासाठी ओगराळं आत घातलं आणि तशीच उभी राहिली. माणिकप्पाने दोनदा हाक मारली. "नासलंय," ती म्हणाली, आणि भांडं मोरीत ओतलं.

त्यानंतर तिने आपली मोटर काढून ठेवली. घरोघरी जाऊन बायकांना सांगितलं, सगळ्यांनी मिळून काढू. कुणी भांडलं नाही, सगळ्यांना तिचं दुःख ठाऊक होतं. "काढू की," म्हणाल्या. नळ सुटला आणि सगळीकडे घरघर सुरू झाली. महादेवीच्या नळाला अर्धी कळशी पाणी आलं. बबिताबरोबर ती पाण्याच्या कार्यालयात गेली. तिथल्या माणसाने नम्रपणे सांगितलं की नवी लाइन मंजूर व्हायची आहे, आणि जुनी खोदायची तर गटारही हलवावं लागेल, ते दुसऱ्या खात्याकडे आहे. पुढच्या पाण्याला माणिकप्पाने मोटर परत बसवली. तिने त्याला अडवलं नाही. दोन माणसांना जगायला पाणी लागतंच.

कावीळ मात्र गेली होती. पाऊस लागला, नवा रोगी निघाला नाही, आणि साथ सरली असं जो तो म्हणू लागला. साथ कुठेच गेली नव्हती, हे महादेवीला ठाऊक होतं. फुटके जॉइंट त्याच चारीत, तिथेच होते.

मुलीचं बारसं देवणीलाच केलं. नाव अक्षरा ठेवलं. पाळणा हलवून बायका जेवायला बसल्या तेव्हा गौरम्मांनी नात महादेवीच्या मांडीवर दिली. गुडघ्यांनी त्या बेजार होत्या, भिंतीला धरून चालत.

"ईनबाई, आता हिला तुमीच न्या," त्या म्हणाल्या. "आईमागं आजीच सांभाळती. माझ्यानं उठवंना झालंय. तुमच्याकडं आता साथ बी न्हाई."

सोमेश दारात उभा होता. म्हणाला, "मी दर रविवारी यीन, मामी."

महादेवी लेकराकडे बघत होती. हनुवटी थेट मंजुश्रीची. घरी पडवीत झोळी कुठे बांधायची, हे ती बसमध्ये येताना ठरवत आली होती. तिला दुसरं काहीच नको होतं. आणि या लेकराला तर दुधाची पावडर कालवून द्यावी लागत होती, दिवसातून कितीदा तरी, पाण्यात. ती उकळेल, हजार वेळा उकळेल. पण एखादी बाटली, एखादा चमचा, गरम दुपारी ओठ ओले करायला माठाच्या पाण्यात बुडवलेलं बोट. आपल्याकडून काय राहून जाईल, ते आधी कळत नाही, हे तिला आता कळलं होतं.

"माझ्यानं हुणार न्हाई," ती म्हणाली.

गौरम्मांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय हुणार न्हाई?"

"लेकराचं. माझ्यानं जमणार न्हाई आता. वय झालं."

वाढणाऱ्या बायका थांबल्या. पाण्याचं सांगता आलं असतं. पण पाण्याचं सांगायचं म्हणजे ताकाचं सांगावं लागणार, सोमेशच्या देखत, आणि ते तिच्या तोंडून निघेना.

"लेक न्यायला जमलं," गौरम्मा सावकाश म्हणाल्या, "आन लेकीचं लेकरू न्यायला जमंना व्हय?"

सोमेशने मान फिरवली आणि अंगणात निघून गेला. महादेवीने अक्षराला गौरम्मांच्या मांडीवर ठेवलं, टोपड्याची नाडी सैल झाली होती ती बांधली, आणि पिशवी उचलली. लातूरची बस सुटायला अजून वेळ होता, तरी थांब्यावर जाऊन ती उन्हातच उभी राहिली.