निमाताईंचा मोकळा जिराफ

फोन आला तेव्हा मी शारजाच्या हमरिया फ्री झोनच्या गेटवर भांडत होते. भांडण नेहमीचंच. कंटेनरच्या कागदांवर एक शिक्का कमी आणि ट्रक उन्हात उभा. स्क्रीनवर 'निमाताई' असं नाव दिसलं म्हणून मी खुशीत फोन घेतला, म्हटलं, "अहो, आहात कुठे? किती दिवसांनी!" पलीकडून त्यांचे यजमान बोलले, जयंतराव. "वैशाली, पहाटे गेली गं निमा..." मिरजेहून बोलत होते. मी "बरं" म्हटलं. खरंच, बरं म्हटलं! आणि फोन ठेवून उरलेलं भांडण पूर्ण केलं, शिक्का मिळवला, ट्रक सोडला. मग गेटवरचा केनियाचा सिक्युरिटी, मोझेस, जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, ऑल ओके?" तेव्हा कुठे मला रडू फुटलं. "टॉल मॅडम... खलास," एवढंच मला बोलता आलं. मोझेसने डोक्यावरची टोपी काढली आणि तो बराच वेळ ती हातात धरून उभा राहिला.

त्याला आता पाच आठवडे झाले. निमाताई अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, आमच्याच मजल्यावर, समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. आम्ही इथे आलो तेव्हा सई, माझी मुलगी, पाळण्यात होती. आज ती चौदा वर्षांची आहे. म्हणजे तेवढीच आमची ओळख. निमाताई पाच फूट अकरा इंच आणि मी चार फूट अकरा, बरोब्बर एका फुटाचा फरक. माझी जीभ मात्र उंचीच्या मानाने फार लांब, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल. वरच्या कपाटातला पोह्यांचा डबा काढायचा असला की मी स्टूल शोधायची नाही, समोरची बेल वाजवायची. त्या कणकेच्या हातानेच यायच्या, डबा काढून द्यायच्या आणि जायच्या. बिल्डिंगमधल्या निम्म्या मुलांना त्यांनी गणित शिकवलं, आवाज न चढवता. पण चालायच्या पोक काढून. खांदे पुढे, मान खाली. लिफ्टच्या दारात काही लागणार नसलं तरी वाकायच्या. त्यांच्या पॅसेजमध्ये एक आरसा होता, जयंतरावांच्या उंचीला लावलेला, आणि जयंतराव त्यांच्यापेक्षा चांगले वीतभर कमी. टिकली लावायला त्या रोज त्या आरशापुढे कमरेत वाकायच्या. मी ते वर्षानुवर्षं पाहिलं, आणि मला त्यात कधी काही वाटलं नाही.

चारेक वर्षांपूर्वीच्या संक्रांतीतली गोष्ट. माझ्या घरी हळदीकुंकू होतं, वीस-बावीस बायका, आणि ग्रुप फोटोची गडबड. निमाताई चुकून मधे उभ्या राहिल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी मी ओरडले, "अहो जिराफ, जरा मागे सरका की! आम्ही बुटक्यांनी दिसायचं कधी?" सगळ्या खदाखदा हसल्या. निमाताईही हसल्या आणि मागे जाऊन भिंतीला टेकल्या. त्यानंतर आठ दिवस मी बेल वाजवली की जयंतराव दार उघडत, तेच डबा काढून देत. स्टुलावर चढून! नवव्या दिवशी मी त्यांना बाजूला सारून आत घुसले आणि विचारलं, "झालंय काय?"

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे सांगायला लागल्या... मिरजेच्या शाळेत पाचवीपासून त्यांचं नावच जिराफ पडलं होतं. पुढे बघायला आलेल्या एका घरच्या बाईंनी, निमाताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असताना, आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्याने विचारलं होतं, "मुलगी आहे की जिराफ?" तेव्हापासून आई सांगायची, पोक काढून चाल, तेवढीच दोन इंच कमी दिसशील. "आणि गंमत बघ, वैशाली," त्या म्हणाल्या, "मी खरा जिराफ कधी नीट पाहिलेलासुद्धा नाही. ज्याचं नाव जन्मभर वागवलं, त्याला एकदा भेटायला नको का?" त्या क्षणी 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी काय म्हणाले? "हात्तिच्या! चला, दाखवते की जिराफ!"

शारजातच, आतल्या भागात, वाळवंटात सफारी पार्क आहे. तासाभरावर आफ्रिका असताना विमान कशाला, असा माझा हिशोब. गेलो. जिराफ होते, चांगले सात-आठ, उंच टांगलेल्या टोपलीतला पाला खात होते. निमाताई खूप वेळ बघत राहिल्या आणि परतीच्या वाटेवर म्हणाल्या, "छान आहेत गं. पण हे आपल्यासारखेच, व्हिसावर आलेले. मला स्वतःच्या घरी राहणारा बघायचाय."

दुसऱ्या दिवशी मी मोझेसला गाठलं. तो इसिओलोचा, केनियाच्या उत्तरेकडचा. म्हणाला, मसाई मारामध्ये जिराफ ढिगाने आहेत, अंगावरचे डाग द्राक्षाच्या पानांसारखे कातरलेले; पण सगळं जग तिथेच जातं. जाळीदार जिराफ बघायचा तर सांबुरूला जा, आमच्या गावाजवळ, तांबूस अंगावर पांढऱ्या रेघा अशा की फरशी बसवलीय. शेजारचा गार्ड युगांडाचा. त्याला कुठे राहवतंय! म्हणाला, जिराफ बघावेत तर मर्चिसन फॉल्सला, नाईलच्या काठी कळपच्या कळप, आणि गुडघ्याखाली पाय असे पांढरे की मोजे घातलेत. दोघांची अशी जुंपली की मागे गाड्यांची रांग लागली. निमाताईंची अट एकच होती: गाडीच्या छपरातून डोकं काढून नाही, जमिनीवर उभं राहून बघायचं. मोझेसने मान हलवली. सांबुरूत, मारात गाडीतून उतरू देत नाहीत, सिंह असतात. "मग शेवटी नैवाशाला जा," तो म्हणाला, "तिथे हेल्स गेटचं रान आहे, पायी फिरता येतं." गाडी त्याच्या मामाची. आम्हीही त्यांना मामाच म्हणायला लागलो.

बकरी ईदच्या सुट्टीत जायचं ठरलं. जूनमध्ये पाऊस सरतो, नदी आटायला लागते, जनावरं पाण्यावर येतात. तिकिटं मी महिनाभर आधीच, अंदाजाने काढून ठेवली. अतिशहाणपणा, दुसरं काय! चंद्र एक दिवस उशिरा दिसला, ईद सरकली आणि सुट्टीही. लेबनीज मॅनेजरपुढे हात जोडले तर तो म्हणतो, "हबीबी, चंद्र काय माझ्या हातात आहे?" शेवटी एक दिवसाची रजा दिली, पण तोंड आठवडाभर वाकडं ठेवलं. सईला तिच्या बाबांकडे सोडलं, आणि निघालो आम्ही दोघी.

सांबुरूत पहिल्या सकाळी मी दुर्बीण लावून झाडाझाडांतून शोधत होते. मामा हसले. "झाडांत नाही, झाडांच्या वर बघा." निमाताईंना आधी दिसला. काटेरी बाभळीसारख्या झाडाच्या शेंड्यावर एक डोकं, कान हलवत, आमच्याकडे निवांत बघणारं. मग दुसरं, मग पाच. मला गाडीच्या छपरातून बघायला बॅगेवर उभं राहावं लागलं. त्या संध्याकाळी नदीवर एक एकटा जिराफ पाण्याला आला. आला खरा, पण पिईना. वीसेक मिनिटं नुसता चहूकडे बघत उभा. मग पुढचे पाय फाकवले, आणखी फाकवले आणि हळूहळू मान खाली नेली. मामा कुजबुजले, "जमिनीपर्यंत मान नेतो ती बहुतेक पाण्यासाठीच. सिंह तेवढ्याचीच वाट बघत असतो." रात्री जेवताना निमाताई, ताटातलं तसंच ठेवून, म्हणाल्या, "आई बिचारी उलटंच सांगत होती गं..."

नैवाशाला शेवटच्या सकाळी पायी निघालो. गवतात दव होतं, माझे बूट भिजले म्हणून माझी कुरकुर चालू होती. वळणावर एकदम समोर जिराफ, तीस पावलांवर. मी मामांच्या मागे लपले. निमाताई पुढे गेल्या, चार-पाच पावलंच, आणि थांबल्या. तो मान वर करून बघत होता. आणि मी पाहिलं, निमाताईंचे खांदे मागे गेले. मग पाठ. मग मान. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की ही बाई केवढी उंच आहे. देखणी आहे! मी जवळ जाऊन म्हटलं, "निमाताई, त्या दिवशी मी जे बोलले ना..." त्यांनी माझा हात दाबला. "शू... बघतोय तो." मग तो चालायला लागला, एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलत, कसलीही घाई नसल्यासारखा. माझं वाक्य तिथेच राहिलं. विमानात त्या झोपल्या होत्या. घरी आल्यावर रोजची धावपळ. मग राहिलंच.

परत आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर बिल्डिंगच्या नातूरला, म्हणजे वॉचमनला, ड्रिल घेऊन बोलावलं आणि पॅसेजमधला आरसा चांगला एक वीत वर लावून घेतला. जयंतराव म्हणत राहिले, "अगं, भिंतीला भोकं पाडलीस तर मालक डिपॉझिट कापेल!" "कापू दे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी वाकले, आता तुम्ही टाचा उचला." मला तर त्या आरशात माझा भांगसुद्धा दिसायचा नाही. पुढच्या संक्रांतीला फोटोत मी त्यांना ओढून मधोमध उभं केलं. कुणी काही बोललं नाही. बोलली असती तर माझ्याशी गाठ होती.

गेल्या वर्षी पोटाचं दुखणं निघालं आणि ती दोघं उपचारांना मिरजेला गेली. शेवटचा व्हिडिओ कॉल मला आठवतो. गालांची हाडं वर आलेली, पण डोळ्यांत मिश्कीलपणा तोच. म्हणाल्या, "इथे पलंगाशी सगळे वाकून बोलतात माझ्याशी. जन्मात पहिल्यांदाच हं!" मी हसले. मग त्यांनी विचारलं, "सई केवढी झाली?" म्हटलं, मला कधीच ओलांडून गेली, पाच फूट आठ. "पोक काढते?" काढते, मी म्हटलं. वर्गात सगळ्यांत उंच आहे ना. मी पुन्हा ते वाक्य जुळवायला लागले, निमाताई, माझं... तेवढ्यात नर्स आली आणि फोन बंद झाला.

गेल्या आठवड्यात जयंतराव फ्लॅट रिकामा करायला आले. सामान बांधलं, वाटलं. मला म्हणाले, "तुला काय हवं ते घे गं." मी आरसा मागितला. काढायच्या आधी भिंतीला ओढणी लावून जमिनीपासून त्याची उंची घेतली आणि तिथे गाठ मारली. नातूरने आमच्या पॅसेजमध्ये त्या गाठीवर आरसा लावला. जाताना मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "मॅडम, आपको तो दिखेगा नहीं." म्हटलं, मालूम है.

संध्याकाळी सई शाळेतून आली, पाठीवर दप्तर, खांदे पुढे. "मम्मा, यू कान्ट ईव्हन सी युवरसेल्फ इन धिस!" मी कांदा चिरत राहिले. ती आरशापुढे गेली. पोक काढून उभी होती तोवर तिला नाकाच्या वरचंच दिसत असणार. तिने दप्तर खाली टाकलं. खांदे मागे नेले. पाठ सरळ केली... आणि अख्खा चेहरा आरशात आला, हनुवटीसकट. ती तशीच उभी राहून, मान या बाजूला, त्या बाजूला करत, स्वतःला बघत राहिली.

"चुकलं माझं, निमाताई," मी म्हटलं. मोठ्याने, चांगलं ऐकू जाईल असं.

"व्हॉट?" सई वळली.

"काही नाही गं. तू वाकू नकोस."